खोपोलीतील श्वानसेवा व्यवसाय : किशोरवयीनांनी आधी ग्रूमिंग शिकावे, बोर्डिंग नंतर

कुत्र्यांची निगा हा व्यवसाय म्हणून स्वीकारू पाहणाऱ्या खोपोली, कर्जत आणि खालापूर परिसरातील मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना सर्वप्रथम कामांचा क्रम ठरवावा लागतो. कोणते काम आज हाती घ्यायचे आणि कोणते अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत बाजूला ठेवायचे, हे आधी निश्चित झाले की भांडवल, जागा आणि परवाने यांचे प्रश्न पुष्कळच सोपे होतात. ‘केनेल’ या एकाच फलकाखाली सहसा तीन निराळी कामे चालतात. पहिले ग्रूमिंग, म्हणजे कुत्र्याचे केस विंचरणे व कापणे, आंघोळ, नखे आणि कान यांची निगा. दुसरे बोर्डिंग, म्हणजे मालक परगावी असताना त्याचा कुत्रा मोबदला घेऊन सांभाळणे. आणि तिसरे ब्रीडिंग, म्हणजे पिल्ले जन्माला घालून विकणे. या तिघांचे कौशल्य वेगळे, धोके वेगळे आणि त्यांना लागू होणारे कायदेही वेगळे आहेत. खोपोलीतील किशोरवयीनाने ग्रूमिंगपासून, तेही ग्राहकाच्या घरी जाऊन, सुरुवात करावी, रात्रीचे बोर्डिंग सज्ञान झाल्यावर आणि किमान एक पावसाळा अनुभवल्यावर हाती घ्यावे आणि ब्रीडिंगच्या वाटेला जाऊच नये, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

खोपोली हे बोरघाटाच्या पायथ्याचे, मध्य रेल्वेच्या कर्जत–खोपोली शाखेवरील शेवटचे स्थानक; मुंबई–पुणे द्रुतगती मार्गही याच परिसरातून घाट चढतो. या दोन सोयींमुळे कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मुंबई, ठाणे व पुणे येथील कुटुंबांची फार्महाऊस आणि दुसरी घरे मोठ्या प्रमाणावर उभी राहिली आहेत. त्यामुळे येथील ग्राहक दोन प्रकारचे असतात. शहरातील स्थायिक कुटुंबाचा कुत्रा बाराही महिने येथेच राहतो, तर फार्महाऊसवरील कुत्र्यांपैकी काही मालकासोबत शुक्रवारी संध्याकाळी येऊन रविवारी परततात आणि काही आठवडाभर राखणदाराच्या किंवा माळ्याच्या हवाली असतात. हा शेवटचा गट सर्वांत दुर्लक्षित असतो, कारण त्याच्या अंगावरील गोचिडी, वाढलेली नखे आणि कानातील दुर्गंधी मालकाच्या लक्षात येईपर्यंत बराच काळ लोटलेला असतो. अशा ठिकाणी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी जाऊन कुत्र्याला विंचरणे, तपासणे आणि त्याची छायाचित्रे मालकाला पाठवणे ही सेवा शाळा-महाविद्यालय सांभाळून करता येण्याजोगी आहे. नव्या व्यावसायिकाने येथे मालकाइतकाच राखणदाराशीही विश्वासाचा संबंध जोडावा, कारण कुत्र्याच्या सवयी, त्याची भीती आणि त्याचे आजारपण ही माहिती राखणदाराकडेच असते.

कायद्याच्या बाजूने पाहता, भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार करार करण्यासाठी व्यक्ती सज्ञान असावी लागते आणि भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार सज्ञानतेचे सर्वसाधारण वय अठरा वर्षे आहे. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात स्पष्ट केले आणि आजही तेच तत्त्व चालते. म्हणून जागेचे भाडेपत्र, ग्राहकाशी होणारा लेखी करार आणि व्यवसायाची नोंदणी ही आई, वडील किंवा अन्य सज्ञान नातेवाईक यांच्या नावाने असावी. सूक्ष्म उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. लोक ज्याला अजूनही ‘गुमास्ता’ म्हणतात, तो दुकाने व आस्थापनांचा विषय महाराष्ट्रात आता २०१७ च्या अधिनियमाखाली येतो आणि मोजकेच कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देणे पुरेसे असते. मदतीला मित्र घ्यायचे झाल्यास चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे बालकामगार कायद्याने निषिद्ध आहे, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

कायद्यातील आणखी एक संकल्पना या व्यवसायात विशेष महत्त्वाची आहे, ती म्हणजे ‘निक्षेप’. एखादी वस्तू ठरावीक हेतूसाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि हेतू पूर्ण झाल्यावर ती परत घेणे, या व्यवहाराला करार अधिनियमात निक्षेप म्हटले आहे आणि कलम १५१ नुसार ताबा घेणाऱ्याने, सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या मालमत्तेची घेईल तेवढी काळजी घेणे बंधनकारक आहे. बोर्डिंगसाठी ठेवलेला कुत्रा कायद्याच्या दृष्टीने याच वर्गात मोडतो. मालकाच्या दृष्टीने मात्र तो घरातला जीव असतो. त्यामुळे कुंपणावरून उडी मारून हरवलेल्या कुत्र्याची भरपाई पैशाने होत नाही आणि एका लहान शहरात अशी एक घटना व्यवसाय बंद पाडण्यास पुरेशी ठरते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल तक्रारही होऊ शकते. ही जबाबदारी सोळाव्या वर्षी मुलाने उचलावी आणि तिच्या कागदावर सही पालकांनी करावी, ही व्यवस्था न्याय्य नाही.

ब्रीडिंगबाबत थोडक्यातच सांगणे पुरे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली २०१७ साली श्वान प्रजनन व विपणनाचे नियम लागू झाले असून ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. घरातल्या लॅब्रेडोर मादीची पिल्ले ओळखीत विकणे हा जोडधंदा म्हणून सहज वाटतो, परंतु आनुवंशिक दोष, मादीचे आरोग्य आणि न विकल्या गेलेल्या पिल्लांचे भवितव्य यांचा भार पेलण्याची तयारी किशोरवयात नसते. ज्या व्यवसायाचे अपयश जिवंत प्राण्याला भोगावे लागते, तो शिकाऊ वयात करू नये.

ग्रूमिंगचे शिक्षण अनुभवी ग्रूमरच्या हाताखाली घेणे हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. खोपोलीहून लोकलने कर्जतमार्गे बदलापूर, कल्याण आणि ठाण्यापर्यंत जाता येते. तेथील किंवा पनवेल–नवी मुंबईतील एखाद्या चांगल्या ग्रूमिंग केंद्रात उन्हाळ्याच्या सुट्टीत उमेदवारी करावी आणि पहिले काही आठवडे केवळ विंचरणे, पुसणे, उपकरणे धुणे एवढेच काम मिळाले तरी ते आनंदाने करावे. विंचरताना हाताला जे कळते, ते चित्रफीत पाहून कळत नाही. केसांखालची गाठ, जखम, सूज, दुखरा सांधा हे सारे आधी बोटांना जाणवते.

कुत्र्याच्या केसांचे प्रकार ओळखणे हा या कौशल्याचा पाया आहे. लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन आणि हस्की यांच्या अंगावर दुहेरी आवरण असते, म्हणजे वर राठ व लांब केस आणि खाली मऊ, दाट लव. चैत्र-वैशाखात अनेक मालक अशा कुत्र्याचा ‘टक्कल कट’ करण्याची मागणी करतात, कारण केस गेले की त्याला गार वाटेल असा समज असतो. प्रत्यक्षात कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो; वरचे आवरण उन्हापासून त्वचेचे रक्षण करते आणि एकदा मुळापासून काढलेले केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असे नाही. येथे ग्रूमरने नम्रपणे नकार द्यावा आणि त्याऐवजी खालची सुटलेली लव दाताळ्या ब्रशने काढून द्यावी. शिह त्झू, ल्हासा आणि पूडल यांचे केस सतत वाढतात, त्यांना ठरावीक काळाने कात्री लागतेच. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या पठारावरील कारवान व मुधोळ हाउंड, तसेच आपला गावठी कुत्रा यांना मात्र रबरी ब्रश, स्वच्छ पाणी आणि नखांची निगा एवढे पुरते; त्यांच्या मालकाला महागड्या सेवा गळ्यात मारणे अप्रामाणिक आहे.

आंघोळीपूर्वी विंचरणे अनिवार्य आहे, कारण गुंतलेले केस ओले झाले की गाठी अधिक घट्ट होतात. माणसांचा शाम्पू वापरू नये. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर कुत्र्याची त्वचा उदासीनतेच्या जवळ जाणारी असते आणि चुकीच्या शाम्पूने ती कोरडी पडून खाज सुटते. घाटपायथ्याच्या ग्रूमरची खरी कसोटी सुकवण्यात लागते. कर्जत–खालापूर पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की वरवर कोरड्या दिसणाऱ्या लॅब्रेडोरच्या अंगाशी असलेली लव तासन् तास ओली राहते. तेथेच जिवाणू आणि बुरशी वाढून लालसर, ओलसर चट्टे उठतात. म्हणून पावसाळ्यात आंघोळींची संख्या कमी करून विंचरणे, पंजांच्या बोटांमधील जागा कोरडी करणे आणि कान तपासणे यांवर भर द्यावा, आंघोळ घातलीच तर ब्लोअरने मुळापर्यंत सुकवावे. ब्लोअर सदैव हलता ठेवावा आणि त्याची झळ आधी स्वतःच्या मनगटावर तपासावी. पिंजऱ्यात कुत्रा ठेवून समोर गरम ड्रायर लावून निघून जाण्याची पद्धत प्राणघातक ठरू शकते. पग, बुलडॉग यांसारख्या बसक्या नाकाच्या जातींना तर त्याचा धोका अधिकच असतो. क्लिपरचे पाते काही मिनिटांत तापते आणि पोटाच्या नाजूक त्वचेला पोळवते, म्हणून तेही वारंवार तपासावे. टेबलावर गळपट्ट्याने अडकवलेल्या कुत्र्याला क्षणभरही एकटे सोडू नये.

नखांच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला कोवळा भाग असतो. काळ्या नखांत तो दिसत नाही, त्यामुळे थोडे थोडे कापत जावे आणि रक्त थांबवणारी पूड जवळ ठेवावी. पिल्लांचे लसीकरण साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते, तोपर्यंत त्यांना इतर कुत्र्यांची ये-जा असलेल्या जागी आणू नये, असा सल्ला ग्रूमरने आपणहून द्यावा.

गोचीड हा या परिसरातील नित्याचा विषय आहे. गवताळ आवारात राहणाऱ्या कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली गोचिडी आढळतात व त्यांच्यामार्फत एर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस हे ‘टिक फीव्हर’ म्हणून ओळखले जाणारे रक्ताचे आजार पसरतात. गुरांसाठी आणलेले गोचीडनाशक अंदाजाने कुत्र्यावर फवारण्याची खेड्यांतील सवय अत्यंत धोकादायक आहे. तेच औषध चाटल्याने कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. येथेच ग्रूमरच्या अधिकाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचा असतो. ग्रूमरने इंजेक्शन देऊ नये, गुंगीचे औषध वापरू नये आणि चट्टा पाहून मलम सुचवू नये. मानवी वेदनाशामक गोळ्या, उदाहरणार्थ आयबुप्रोफेन, कुत्र्याला विषारी ठरतात. जे दिसले ते मालकाला सांगावे, त्याची नोंद ठेवावी आणि पशुवैद्यकाकडे पाठवावे. जवळच्या पशुवैद्यकाशी व्यवसाय सुरू होण्याआधीच ओळख करून घ्यावी. गंभीर प्रसंगी मुंबईत परळ येथे १८८६ पासून चालत आलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परंतु तेथवरचे अंतर आणि रविवारची वाहतूक लक्षात घेता प्रथमोपचार आणि वाहन यांची सोय स्थानिकच हवी.

काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेकडे पालकांनी कसोशीने पाहावे. ताठरलेले शरीर, वारंवार ओठ चाटणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर आणि गुरगुर ही चाव्याआधीची सूचना असते. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला ओरडून गप्प केल्यास तो पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. तोंडाला चिंधी बांधण्याऐवजी धाप टाकता येईल असे जाळीचे मझल वापरावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी शासकीय रुग्णालय गाठावे, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. हे काम नियमित करणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यावी. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. हा जिवाणू उंदीर-घुशींच्या आणि बाधित कुत्र्यांच्याही मूत्रातून साचलेल्या पाण्यात मिसळतो आणि पायावरील लहानशा जखमेतून माणसाच्या शरीरात शिरतो; म्हणून गमबूट आणि हातमोजे न घालता धुण्याच्या जागी उतरू नये.

सज्ञान झाल्यावर बोर्डिंगचा विचार करणाऱ्याने जागा निवडताना ती पावसाळ्यातच पाहावी. डिसेंबरात सुरेख दिसणारा उतारावरचा भूखंड जुलैत ओढ्याच्या वाटेत असू शकतो आणि दरडीचा धोका खालापूर तालुक्याने जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीच्या दुर्घटनेत सोसला आहे. जमीन शेतीची असल्यास अकृषिक वापराची तरतूद महसूल कार्यालयात तपासावी. माथेरानभोवतीच्या २००३ साली अधिसूचित पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात गाव येत असेल तर बांधकामावर आणखी निर्बंध असतात. भुंकण्याचा प्रश्न शेजाऱ्यांच्या दृष्टीने गंभीर आहे, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. याच कारणासाठी शहरातील चाळीत किंवा सोसायटीत बोर्डिंग चालवणे योग्य नाही.

बांधकाम साधे असावे, पण जोता उंच, फरशीला निचऱ्याच्या दिशेने उतार आणि तिरपा पाऊस आत येणार नाही इतके पुढे आलेले छप्पर असावे. प्रवेशाला एकामागे एक अशी दोन फाटके ठेवावीत, म्हणजे एक उघडताना दुसरे बंद राहते. प्रत्येक कप्प्यात कुत्र्याला उभे राहणे, वळणे आणि पाय पसरून झोपणे शक्य व्हावे व झोपण्यासाठी जमिनीपासून उचललेली फळी असावी. अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे किंवा अवाजवी काळ आखूड साखळीने बांधणे हा १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. जंगलालगतच्या जागी वरूनही जाळी हवी, कारण बिबट्या कुत्र्याची शिकार करतो. आणि लाकडे, विटा, जुने सामान यांचे ढीग आवारात नसावेत, कारण घोणस, नाग व मण्यार यांना तेथे आसरा मिळतो. पार्वो या पिल्लांच्या घातक आतड्याच्या रोगाचा विषाणू आवारात अनेक महिने टिकतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. जागा आधी घासून स्वच्छ करून मग घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे बत्तीस भाग असे द्रावण दहा मिनिटे ठेवल्यास तो नष्ट होतो. नव्याने आलेल्या किंवा खोकणाऱ्या कुत्र्यासाठी वेगळी खोली नसेल, तर बोर्डिंग सुरू करू नये.

प्रवेशपत्रात लसीकरण पुस्तिकेची प्रत, रेबीज, सप्तगुणी लस आणि केनेल कफची लस यांच्या तारखा, नेहमीचे अन्न, चालू औषधे, पशुवैद्यकाचे नाव, आणीबाणीत किती खर्च करण्यास मालकाची संमती आहे आणि ठरलेल्या दिवशी कुत्रा नेला नाही तर काय करायचे, हे सारे लेखी असावे. शेवटची अट येथे विशेष गरजेची आहे, कारण कंटाळलेला मालक कुत्रा बोर्डिंगमध्ये ठेवून पुन्हा फिरकत नाही, असे घडू शकते. माजावर आलेली मादी स्वीकारू नये. दिवाळीच्या आणि गणेश विसर्जनाच्या फटाक्यांच्या रात्री जागेवर किमान एक प्रौढ माणूस जागा असावा, कारण घाबरलेला शांत कुत्राही कुंपण तोडून पळतो. गणेशोत्सव, दिवाळी आणि मे महिना हेच मागणीचे दिवस असल्याने कुटुंबाला स्वतःच्या गावी जाणे त्या काळात जमणार नाही, याची कल्पना घरातील सर्वांना आधीच असावी.

हिशेब साधा पण काटेकोर हवा. दर ठरवताना आंघोळीचा वेळ मोजला जातो, मात्र जाण्यायेण्याचा वेळ, पात्यांना धार लावण्याचा खर्च आणि वीज विसरली जाते. दोन हजार वॅटचा ब्लोअर चाळीस मिनिटे चालला तर सव्वा युनिटहून अधिक वीज खर्च होते. एका व्यक्तीने दिवसाला चारपेक्षा अधिक मोठ्या कुत्र्यांचे काम घेतल्यास शेवटच्या कुत्र्याच्या वेळी हात थकलेला असतो आणि कातरी तेव्हाच लागते. सुरुवातीला कर्ज घेऊ नये. अठरा वर्षांनंतर प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील पन्नास हजार रुपयांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज किंवा जिल्हा उद्योग केंद्रामार्फत चालणारा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांचा विचार करता येतो आणि त्या वेळी दोन वर्षांची नीट ठेवलेली हिशेबवही बँकेसमोर सर्वांत उपयोगी पडते. दहावीनंतर जीवशास्त्रासह विज्ञान शाखा घेतल्यास नीट परीक्षेद्वारे पशुवैद्यक पदवीचा मार्गही खुला राहतो, म्हणून केवळ या व्यवसायासाठी शिक्षण आखूड करू नये.

कामाचा आरंभ दसऱ्यानंतर, पाऊस ओसरल्यावर करावा, म्हणजे कोरड्या हवेचे सात-आठ महिने सरावाला मिळतात आणि बोर्डाच्या परीक्षा संपताच उन्हाळी मागणीचा काळ हाती लागतो. पालकांना विनंती एवढीच की, नोंदणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यांनी मुलाच्या किंवा मुलीच्या सोबत एक पूर्ण दिवस कामाच्या जागी उभे राहावे आणि न चावणाऱ्या कुत्र्याशी नव्हे, तर गुरगुरणाऱ्या कुत्र्याशी आपले मूल कसे वागते ते पाहून मगच निर्णय घ्यावा.